आण्याचे पौंड आणि येन : वेब सर्व्हरमधील एका ओळीचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #मराठी

कल्याण-नगर रस्त्यावर आळेफाटा आणि बेल्हे मागे पडले की आणे घाट लागतो. घाट चढून गेल्यावर जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाला आणे हे गाव आहे. रंगदास स्वामींची यात्रा आणि त्या यात्रेतील आमटी-भाकरीचा महाप्रसाद यांमुळे हे नाव पंचक्रोशीच्या बाहेरही ऐकिवात आहे. नाव दोनच अक्षरांचे, आणि १९५७ च्या दशमान पद्धतीपूर्वी ज्या सोळांचा मिळून एक रुपया होत असे, त्या आण्याचे अनेकवचनही तेच.

२००२-०३ च्या सुमारास हे नाव युनिकोड देवनागरीत एखाद्या वेबपानावर लिहावे आणि ते पान नव्याने बसवलेल्या अपाची वेब सर्व्हरवर ठेवावे, तर वाचणाऱ्याच्या पडद्यावर भलतेच काही उमटण्याची दाट शक्यता असे. प्रथम डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला रोमन ‘ए’, मग कोणत्याही विशिष्ट देशाचे नसलेले चलनचिन्ह, मग तळटिपेसाठी वापरतात तो खंजीर. पुन्हा तोच ‘ए’, तेच चलनचिन्ह आणि ब्रिटिश पौंडाची खूण. तिसऱ्यांदा ‘ए’, जपानी येन आणि दुहेरी खंजीर. दोन अक्षरांच्या जागी नऊ चिन्हे. आण्यांचे पौंड आणि येन करून देणारा असा सराफ दुसरा झाला नसेल!

यामागे गणित आहे, आणि ते अगदी नेमके आहे. युनिकोडच्या दृष्टीने ‘आणे’ म्हणजे तीन घटक: ‘आ’, ‘ण’ आणि एकाराची मात्रा. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइटांत साठवला जातो, म्हणून तीन त्रिक नऊ. त्या नऊ बाइटांचा योग्य अर्थ लावला तर ‘आणे’ दिसते. पण वाचणाऱ्या ब्राउझरला कुणी सांगितले, की हा मजकूर पश्चिम युरोपीय भाषांच्या ‘आयएसओ-८८५९-१’ या संकेतात आहे, तर तो प्रत्येक बाइटाचे एक स्वतंत्र रोमन चिन्ह करतो. देवनागरीचा पहिला बाइट नेहमी एकच असतो, म्हणून तो टोपीवाला ‘ए’ पुनःपुन्हा येतो. दुसरा बाइट दोनच प्रकारचा असतो. एकाचे चलनचिन्ह होते, दुसऱ्याचे येन. ज्यांनी त्या काळात मराठी पाने चढवली, त्यांना ही चिन्हांची रांग आजही दुरून ओळखता येईल.

म्हणजे बाइट शाबूत होते, अक्षर हरवले नव्हते. ब्राउझरला चुकीची भाषा सांगितली गेली होती. ती कुणी सांगितली, हा या धाग्याचा विषय.

पानाचा लेखक सहसा निर्दोष असे. पानाच्या माथ्यावरील ‘मेटा’ खुणेत त्याने ‘हा मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे’ असे स्पष्ट लिहिलेले असे. तेच पान स्वतःच्या संगणकाच्या डिस्कवरून थेट उघडले तर स्वच्छ देवनागरी दिसे. सर्व्हरमार्फत मागवले की खंजीर आणि येन. ब्राउझरच्या मेनूत जाऊन हाताने ‘युनिकोड’ निवडले की पुन्हा देवनागरी. पुढच्या पानावर गेले की पुन्हा येन. अशा वेळी माणूस फॉन्टवर संशय घेतो, पान पुन्हा जतन करतो, ब्राउझर बदलून पाहतो. सर्व्हर मात्र बिनतक्रार चालू असतो. त्रुटींच्या नोंदवहीत एकही ओळ नसते, कारण सर्व्हरच्या मते काहीच बिघडलेले नसते.

इथे थोडे मागे जावे लागेल.

१९९३ च्या सुमारास अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेत रॉब मॅकूल या तरुणाने एक वेब सर्व्हर लिहिला. तो फुकट होता, त्याची मूळ संहिता खुली होती, आणि अल्पावधीत तो जगभर पसरला. १९९४ मध्ये मॅकूल संस्था सोडून गेला आणि सर्व्हर पोरका झाला. ठिकठिकाणचे व्यवस्थापक आपापल्या यंत्रावर त्यातील चुका आपापल्या परीने दुरुस्त करू लागले. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांपैकी आठ जण एकत्र आले. ब्रायन बेलेनडॉर्फ, रॉय फील्डिंग, रॉबर्ट थाउ, डेव्हिड रॉबिन्सन ही त्यांतील काही नावे. ठिगळे जोडून तयार झालेला सर्व्हर म्हणून ‘अ पॅची सर्व्हर’, म्हणजेच अपाची, अशी नावाची एक व्युत्पत्ती सांगतात. अमेरिकेतील अपाची जमातीविषयीच्या आदरातून ते घेतले अशीही सांगतात. एप्रिल १९९५ मध्ये पहिली सार्वजनिक आवृत्ती निघाली आणि १ डिसेंबर १९९५ रोजी १.० आली.

१.० च्या आधी दोन गोष्टी घडल्या. थाउने सर्व्हरची अंतर्गत रचना नव्याने केली. आणि डेव्हिड रॉबिन्सनने माहितीपुस्तिका नव्याने लिहिली. पहिल्या कामाची चर्चा पुष्कळ होते, दुसऱ्याची फारशी होत नाही. वास्तविक सर्व्हर बसवणाऱ्याच्या दृष्टीने दुसरे काम तितकेच मोलाचे होते. एनसीएसएच्या वारशाने आलेल्या तीन वेगवेगळ्या कॉन्फिगरेशन फाइलींपैकी कोणती सूचना कोणत्या फाइलीत लिहायची, हेच नवख्याला उमगत नसे. (या तिन्ही फाइली पुढे १.३.४ या आवृत्तीत एकत्र झाल्या.)

तथापि पुस्तिका असणे आणि ती वाचली जाणे यांत अंतर आहे. भारतात विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, ती तासांच्या हिशेबाने विकत घेण्याची वस्तू म्हणून. लिनक्स अनेकांच्या हाती पडले ते नियतकालिकासोबत आलेल्या सीडीतून; ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने १९९६ मध्ये सुरू केलेल्या या उपक्रमात अतुल चिटणीस यांचा मोठा वाटा होता. टेलिफोनचे मीटर चालू असताना पानेच्या पाने पुस्तिका वाचणे परवडणारे नव्हते. मग सर्व्हर बसवणाऱ्याला खरा आधार उरे तो नमुना कॉन्फिगरेशन फाइलीतील टिपांचा. प्रत्येक सूचनेच्या वर दोन-चार ओळींत तिचे प्रयोजन लिहिलेले असे. या टिपा हीच व्यवहारातील माहितीपुस्तिका होती. त्या टिपा जे सांगत ते माणसे मानत, आणि ज्या ओळीला हात लावू नये असे सूचित होई, तिला हात लावत नसत.

आता २ फेब्रुवारी २००० या तारखेकडे यावे. संगणक-सुरक्षेचे काम पाहणाऱ्या ‘सर्ट’ या अमेरिकन संस्थेने त्या दिवशी एक इशारा प्रसिद्ध केला. वेबपानांत परक्याने घातक मजकूर घुसवण्याच्या प्रकाराविषयीचा तो इशारा होता. त्यातील एक मुद्दा अक्षरसंकेताचा होता. पान कोणत्या संकेतात आहे हे सांगितले नाही, तर ब्राउझर अंदाज बांधतो; आणि काही संकेत असे आहेत, की त्यांत कोनी कंस साध्या निरुपद्रवी अक्षरांच्या वेषात लपवता येतो. म्हणून प्रत्येक पानासोबत संकेत स्पष्टपणे जाहीर करावा, हा सल्ला. सल्ला योग्यच होता.

त्याच महिन्यात अपाचीची १.३.१२ ही आवृत्ती आली आणि तिच्यात ‘ॲड-डिफॉल्ट-कॅरसेट’ ही नवी सूचना आली. ही सूचना चालू केली की सर्व्हर प्रत्येक पानाच्या आधी पाठवायच्या हेडरमध्ये अक्षरसंकेताचे नाव आपणहून जोडतो. पुस्तिकेत तिच्या वर्णनात एक वाक्य होते: पानाच्या आतील मेटा खुणेत काही वेगळे लिहिले असेल, तर ही सूचना त्यावर मात करील. म्हणजे माहिती दडवलेली नव्हती. ती ज्या ठिकाणी होती तिथे ती शोधायला जाण्याचे कारण मराठी पान बिघडेपर्यंत कुणाला नव्हते, आणि पान बिघडल्यावर शोध फॉन्टचा चालू होई.

सर्व्हरच्या शब्दाला लेखकाच्या शब्दापेक्षा जास्त वजन का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. डिसेंबर १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ या प्रमाणाने हा अनुक्रम ठरवून दिला होता: आधी हेडर, मग मेटा खूण. त्याला कारण होते. रशियात एकाच भाषेसाठी तीन-चार संकेत प्रचलित होते आणि तेथील काही सर्व्हर वाचकाच्या यंत्राला मानवेल त्या संकेतात पानाचे वाटेतच रूपांतर करीत. अशा वेळी पानाच्या आत लिहिलेली खूण जुनी आणि खोटी ठरते. बाहेरचे हेडर खरे असते. रशियन वाचकाची सोय पाहणारा हा नियम मराठी वाचकाला नडला, इतकेच. त्यात कुणाची दुष्टबुद्धी शोधण्याचे कारण नाही.

एप्रिल २००२ मध्ये अपाचीची २.० ही मालिका सर्वसाधारण वापरासाठी खुली झाली. तिच्या नमुना फाइलीत ही सूचना चालू स्थितीत होती, मूल्य ‘आयएसओ-८८५९-१’. वरच्या टिपेचा आशय असा, की संकेत जाहीर करणे केव्हाही चांगले. त्याने पुढेमागे बहुभाषिकतेचे दार उघडते. आणि यात अपाय जवळजवळ नाही, कारण संकेत सांगितला नसेल तर तो पश्चिम युरोपीयच धरावा असे प्रमाणच म्हणते, म्हणजे इथे उघड गोष्टच पुन्हा सांगितली जात आहे.

ही टीप लिहिणाऱ्याच्या हेतूविषयी शंका नाही. पण ज्या ओळीने बहुभाषिकतेचे दार उघडेल असे म्हटले, तिनेच ते दार देवनागरीच्या तोंडावर लावून घेतले. त्याच फाइलीत पुढे भाषांची यादी होती. तिच्यात लक्झेंबर्गच्या भाषेची नोंद होती. भारतातील एकाही भाषेची नव्हती.

आता एक वाजवी प्रश्न उरतो. मराठी मजकूर वेबवर १९९० च्या दशकातही होता. मग तेव्हा हा घोटाळा का दिसला नाही? याचे उत्तर पुण्यात आहे.

सी-डॅक या १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या संस्थेचे फॉन्ट आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्रीलिपी’ यांवर त्या काळातील बरीच मराठी अक्षरजुळणी चालत असे. या फॉन्टांची युक्ती अशी: संगणकाला वाटते की मजकूर रोमन आहे; फॉन्टमध्ये मात्र त्या रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा चितारलेला असतो. कुठे अर्धा ‘ण’, कुठे नुसता काना, कुठे मात्रा. सर्व्हर म्हणे मजकूर पश्चिम युरोपीय आहे, आणि यंत्राच्या दृष्टीने तो खरोखर तसाच असे. वाचकाने तो विशिष्ट फॉन्ट उतरवून घेतला की मराठी दिसे. दैनिके याच मार्गाने वेबवर आली, आणि दोन दैनिके वाचायची तर बहुधा दोन फॉन्ट बाळगावे लागत.

म्हणून अपाचीच्या त्या ओळीचा जाच जुन्या युक्तीला झाला नाही. जाच झाला तो ज्यांनी युक्ती सोडून प्रमाण मार्ग धरला त्यांना. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी भारताच्याच ‘इस्की’ या संकेतावर आधारलेली. यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका खानावळीत बसून आखली. पण सामान्य माणसाच्या यंत्रावर युनिकोड देवनागरी नीट दिसू लागली ती विंडोज २००० आणि तिच्यासोबतच्या ‘मंगल’ फॉन्टपासून. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी. नेमक्या याच दोन-तीन वर्षांत ती ओळ नमुना फाइलीत चालू स्थितीत बसलेली होती. योगायोग खराच, पण महागात पडणारा.

दोष सापडल्यावर तो काढणेही सरळ नव्हते. निदानाची खात्रीची रीत एकच: टेलनेटने सर्व्हरच्या ८० क्रमांकाच्या दारावर जावे, पानाच्या हेडरची मागणी हाताने टंकावी, आणि उत्तरातील ‘कंटेंट-टाइप’ची ओळ वाचावी. तिथे ‘आयएसओ-८८५९-१’ दिसले की चोर सापडला. मुख्य फाइलीतील ओळ बंद करून सर्व्हर पुन्हा सुरू करणे हा उपाय. तो सर्व्हर ज्याच्या मालकीचा आहे त्याच्यासाठी. भाड्याच्या जागेवर पाने ठेवणाऱ्यांना मुख्य फाइलीला हात लावता येत नसे. त्यांच्यासाठी ‘डॉट-एचटीॲक्सेस’ नावाची छोटी फाइल आपल्या पानांच्या कप्प्यात ठेवून तिच्यात ‘यूटीएफ-८’ लिहिण्याची सोय होती. पण मुख्य फाइलीत अशा छोट्या फाइलींना परवानगी नसेल, तर सर्व्हर ती फाइल उघडूनही पाहत नसे. तक्रार नाही, सूचना नाही. लिहिणारा समजे की उपाय चुकला, आणि बरोबर असलेली ओळ खोडून दुसरे काहीतरी करू लागे.

त्यापुढे मायएसक्यूएल होतेच. मजकूर या डेटाबेसमध्ये साठवायचा तर तिथेही गृहीत संकेत पश्चिम युरोपीय, आणि शब्दांचा अनुक्रम लावण्याचा गृहीत नियम स्वीडिश. कारण ते तयार करणारी कंपनी स्वीडनची. हे गृहीतक २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत टिकले. तोवर किती मराठी नावांची यादी स्वीडिश वर्णक्रमाच्या भरवशावर लागली, ते त्या डेटाबेसलाच ठाऊक.

उलट्या बाजूची गंमतही नोंदवली पाहिजे. रेड हॅट कुळातील लिनक्समध्ये हीच ओळ ठेवून तिचे मूल्य ‘यूटीएफ-८’ करण्यात आले. युनिकोड मराठीचे भले झाले. पण त्याच सर्व्हरवर जुन्या फॉन्टातील पाने असली, तर त्यांतील वरच्या पट्ट्यातल्या बाइटांना यूटीएफ-८ मध्ये अर्थच नसे, आणि मात्रा-जोडाक्षरांच्या जागी चौकटीतील प्रश्नचिन्हे येत. सर्व्हर बदलला आणि कालपर्यंत दिसणारे पान आज फुटले, असे ज्यांच्या बाबतीत झाले, त्यांतील अनेकांचे कारण हे होते. ओळ तीच; आधी नव्यांना नडली, मग जुन्यांना.

अपाचीच्या मूळ नमुना फाइलीतून मात्र ती काढून टाकण्यात आली. बदलांच्या नोंदीत कारण दिले आहे, आणि ते प्रांजळ आहे: संपूर्ण संकेतस्थळासाठी एकच संकेत गृहीत धरण्याने हितापेक्षा अहित अधिक होते. नोंदीपुढे नाव आहे रॉय फील्डिंग यांचे, मूळ आठांपैकी एक. डिसेंबर २००५ मध्ये २.२ ही मालिका आली, तेव्हा नमुन्यात ती ओळ नव्हती. सूचना अजून अस्तित्वात आहे, पण ती ज्याची त्याने विचारपूर्वक चालू करायची आहे.

या निर्णयाला आणखी एक पदर आहे. संकेत सांगितला नसेल तर पश्चिम युरोपीय धरावा, हा ज्या टिपेचा आधार होता, तो नियम एचटीटीपीच्या प्रमाणातला. आणि त्या प्रमाणाच्या लेखकांतही फील्डिंग होते. २०१४ मध्ये एचटीटीपीचे प्रमाण नव्याने लिहिले गेले, पुन्हा त्यांच्याच संपादकत्वाखाली, आणि तो नियमही त्यातून वगळण्यात आला.

आज ‘आणे’ लिहिले की ‘आणे’च दिसते. इंग्रजीत मात्र गावाची पाटी तीन रोमन अक्षरांची, आणि ती वाचून ‘आणे’, ‘अणे’ की ‘अने’, हे परक्याला कळायला मार्ग नाही. लोकनायक बापूजी अण्यांच्या आडनावाची रोमन जुळणीही जवळपास अशीच. देवनागरीत हा घोळ नाही.

जुन्या फॉन्टातील पानांचे काय झाले? काहींचे यूटीएफ-८ मध्ये रूपांतर झाले. प्रत्येक फॉन्टासाठी वेगळी रूपांतर-तालिका करावी लागली, कारण प्रत्येकाने देवनागरीचे तुकडे वेगवेगळ्या रोमन अक्षरांमागे लपवले होते. ज्यांचे झाले नाही, ती पाने जिथे अजून टिकून आहेत तिथे ती यंत्राच्या लेखी रोमन अक्षरांची अर्थहीन रांग आहेत. त्यांत जुन्नर तालुक्याची बातमी असेल आणि बातमीत या गावाचे नावही असेल, तरी शोधयंत्रात देवनागरीत ‘आणे’ लिहून ते सापडणार नाही.